रायफलची हवा जाते म्हणून दुरुस्तीला दिली, सिलिंडरच बदलून आला

दहा मीटर एअर रायफल खेळणाऱ्या मुलांच्या आईबाबांसाठी हे मुद्दाम लिहिते आहे. आमच्यासारखी गत दुसऱ्या घराची होऊ नये.

माझी लेक कोल्हापुरात सराव करते. तिची जर्मन बनावटीची रायफल आम्ही एका सीनियर मुलीकडून बिलासकट घेतली. नवी घ्यायची तर लाखांत जाते, म्हणून बहुतेक घरांत सुरुवात जुन्यावरच होते. रायफल उत्तम चालली. मग नळीखालच्या सिलिंडरमधल्या हवेचा दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा रात्री 180 बारवर (बार हे दाबाचं एकक) असला तरी सकाळी 120 वर दिसायला लागला. स्पर्धा तोंडावर होती. रेंजवर कुणीतरी पुण्यातल्या एका दुरुस्तीवाल्याचा नंबर दिला.

लक्षण ऐकताच तो म्हणाला, "रेग्युलेटर गेलाय, ताई. जर्मनीचा सील किट टाकावा लागेल. बाकी उघडल्याशिवाय कळायचं नाही. सिलिंडरसकट पाठवून द्या." रेग्युलेटर म्हणजे सिलिंडरमधल्या हवेचा दाब कमी करून दर शॉटला सारखा ठेवणारा भाग. रायफल परत आली ती अठरा हजारांच्या बिलासह: रेग्युलेटर सील किट, व्हॉल्व्ह, सर्व्हिसिंग. थोडे दिवस हवा टिकली आणि काटा पुन्हा उतरायला लागला. फोन केला तर उत्तर तयार होतं: "थंडी पडलीय ना, हवा आकसते."

यात अर्धं सत्य आहे, म्हणूनच ते गळी उतरतं. 35 अंशांचं तापमान 20 अंशांवर आलं तर 200 बारचे साधारण 190 होतात. हवा भरताना सिलिंडर तापतो, तो निवल्यावरही काटा थोडा खाली येतो. पण हा फरक दहा-पंधरा बारचा. रात्रीत साठ बार गेले तर ती गळतीच.

गळती कुठे आहे ते रेंजवरच्या जुन्या सरांनी आम्हाला दाखवलं, आणि त्यासाठी एकही स्क्रू काढावा लागला नाही. अशा स्पर्धेच्या रायफलचा सिलिंडर फिरवून काढला की त्याचा व्हॉल्व्ह आपोआप बंद होतो. तो तसाच वेगळा ठेवायचा आणि काटा लिहून ठेवायचा. सकाळी काटा उतरला तर दोष सिलिंडरचा. जागेवर असेल तर दोष रायफलचा. रायफलमध्येही हवा आपली वाट सांगते. सिलिंडर लावलेला, रायफल रिकामी, आणि नळीच्या तोंडावर फुगा ताणून बसवायचा. तो हळूहळू फुगला तर फायरिंग व्हॉल्व्ह, म्हणजे गोळीमागे हवा सोडणारी झडप, गळतोय. रेग्युलेटरच्या बारीक छिद्रातून हवा येत असेल तर त्याचे सील गेलेत. आणि रेग्युलेटर नीट काम करत नसेल तर थोडं थांबून मारलेला पहिला शॉट वेगळ्या वेगाने जातो, गोळ्या खालीवर लागतात. माझ्या लेकीचं ग्रुपिंग शेवटपर्यंत घट्ट होतं, गोळ्या एकाच जागी लागत होत्या. म्हणजे ज्या रेग्युलेटरचे पैसे आम्ही भरले, त्याच्या बिघाडाचं एकही लक्षण नव्हतं.

आमचा सिलिंडर रायफलपासून वेगळा ठेवूनही उतरला. सरांनी त्याचं व्हॉल्व्हकडचं टोक पाण्यात धरलं, आणि कडेने बारीक बुडबुड्यांची माळ सुरू झाली. फडक्याने पुसताना त्यावर कोरलेली तारीख वाचली: 2011. मी मोबाईलमधला खरेदीच्या बिलाचा फोटो उघडून पाहिला. आमचा सिलिंडर 2019 चा, नंबरही वेगळा.

मग सरांनी रायफल उघडली. रेग्युलेटरच्या आट्यांवरचं कंपनीचं लॅकर, म्हणजे उघडलं की तुटणारा रंगाचा थर, जसंच्या तसं. नवी होती ती फक्त सिलिंडर जोडतात तिथली ओ-रिंग, म्हणजे रबराची गोल कडी, काळी कुळकुळीत, दुकानात काही रुपयांना मिळणारी. मूळ गळती तेवढीच होती. ती त्याने थांबवली, न केलेल्या कामाचं बिल लावलं, आमचा चांगला सिलिंडर ठेवून घेतला आणि मुदत संपलेला गळका लावून दिला.

मला पैशांपेक्षा हे शेवटचं सहन होत नाही. या सिलिंडरना कंपन्या दहा वर्षांची मुदत देतात. आत 200 बार, म्हणजे गाडीच्या टायरच्या जवळपास नव्वद पट दाब, आणि मुलीचा चेहरा त्याच रायफलला टेकलेला. शिवाय आयएसएसएफच्या, म्हणजे नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, नियमात सिलिंडरच्या मुदतीची जबाबदारी खेळाडूवर असते. इक्विपमेंट चेकिंगला अडवली असती ती माझी लेक.

त्याला विचारलं तर म्हणे, "सगळे सारखेच असतात, कामाच्या गर्दीत अदलाबदल झाली असेल." त्यानंतर फोन उचलणं बंद.

आम्ही जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार केली आहे. 2019 च्या कायद्यानुसार दोन वर्षांच्या आत करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतही बोलता येतं. बिल, दोन्ही नंबरांचे फोटो आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं जोडलंय.

रायफल दुरुस्तीला देताना सिलिंडर काढून घरी ठेवा. दुरुस्तीवाल्याकडे तपासायला बहुधा स्वतःचा असतो. सिलिंडरच द्यायचा असेल तर नंबर आणि तारीख पावतीवर लिहून घ्या. बदललेले जुने सील परत मागा. आणि घरी हौसेने काही उघडायचं असेल तर आधी दाब पूर्ण सोडा, आत साधं तेल किंवा ग्रीस कधीच लावू नका. इतक्या दाबाच्या हवेत ते पेट घेऊ शकतं. ज्यांची रायफल आधीच कुणाकडे जाऊन आली आहे, त्यांनी आजच सिलिंडर काढून बिलावरच्या नंबराशी ताडून बघावा.