स्वित्झर्लंड आणि डोलोमाइट्स: भाड्याची गाडी घ्यावी की रेल्वेनं फिरावं?

गटसहल नको, आपलं आपण फिरायचं, एवढं एकदा ठरलं की घरात पुढचा वाद सुरू होतो. एकाला आल्प्सच्या वळणांवर गाडी चालवायची असते, दुसऱ्याला खिडकीशी बसून डोंगर बघायचे असतात आणि तिसरा मोबाइलवर दोन्हींचा खर्च काढत बसतो. अख्ख्या युरोपसाठी या वादाचा एकच निकाल देता येत नाही. म्हणून इथे आपल्याकडच्या लोकांना आवडणारा एक मार्ग धरू: आधी स्वित्झर्लंड, मग ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकहून ब्रेनर खिंड ओलांडून उत्तर इटलीतले डोलोमाइट्स नावाचे डोंगर. साधारण दोन आठवडे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. स्वित्झर्लंडमध्ये गाडी घेऊ नये आणि डोलोमाइट्समध्ये निव्वळ रेल्वेच्या भरवशावर राहू नये. मात्र तुम्ही कोणत्या महिन्यात जाताय आणि सोबत कोण आहे, यावर हे मत बदलू शकतं.

स्वित्झर्लंड: इथे रेल्वेच राजा

१९८२ पासून इथलं वेळापत्रक एका साध्या तत्त्वावर चालतं: प्रत्येक मार्गावर ठरावीक अंतरानं गाडी, आणि मोठ्या स्टेशनांवर सगळ्या गाड्या एकमेकींना भेटतील अशा वेळा. एक गाडी चुकली तर अर्ध्या-एक तासात पुढची हजर. स्विस रेल्वेनं २०२४ मध्ये ९३.२ टक्के प्रवाशांना वेळेवर पोहोचवलं आणि तिथे तीन मिनिटांच्या पुढे गेलं की उशीर धरतात. त्याच वर्षी शेजारच्या जर्मनीत लांब पल्ल्याच्या गाड्या ६२.५ टक्केच वेळेवर होत्या, तेही सहा मिनिटांपर्यंतची सूट देऊन. त्यामुळे ‘युरोपात रेल्वे भारी’ हे वाक्य सरसकट घेऊ नका. हाच प्रवास जर्मनीतून सुरू करणार असाल तर गाडी बदलायला पाच मिनिटं ठेवणं म्हणजे जुगार आहे. स्वित्झर्लंडमध्ये तेवढी पुरतात.

आता एक प्रत्यक्ष रस्ता बघा. इंटरलाकेनहून झेरमाटला जायचंय. रेल्वेनं स्पीझला आणि फिस्पला गाडी बदलायची, सव्वादोन तासांच्या आसपास तुम्ही झेरमाटच्या मुख्य रस्त्यावर उभे. गाडीनं जायचं तर कांडरस्टेगला पोहोचायचं, तिथे तुमची कारच रेल्वेच्या डब्यावर चढवायची, लोचबर्ग बोगद्यातून गोपेनस्टाइनला उतरायचं, दरीतून टेशपर्यंत चालवत न्यायची आणि तिथे पार्किंगचे पैसे भरून पुन्हा रेल्वेतच बसायचं. कारण झेरमाटमध्ये बाहेरच्या गाड्यांना प्रवेशच नाही. वेंगन आणि म्यूरेन या लाउटरब्रुनेनच्या वरच्या गावांचंही तेच. थोडक्यात, सगळ्यात देखण्या ठिकाणी पोहोचता पोहोचता गाडी खालीच राहते, तिचं भाडं मात्र चालू असतं.

रेल्वेच्या बाजूनं सगळ्यात मोठी साक्ष बेर्निना मार्गाची. सेंट मोरित्सहून निघालेली लाल गाडी दातेरी रूळ न लावता २,२५३ मीटरपर्यंत चढते आणि मग इटलीतल्या तिरानोला, ४२९ मीटरवर उतरते. मधे ब्रुसिओला ती दगडी कमानींच्या वर्तुळाकार पुलावरून स्वतःच्याच रुळांखालून निघते. जाहिरातीत दिसते ती मोठ्या काचांची एक्स्प्रेस, तिला आरक्षणाचे वेगळे पैसे पडतात. पण त्याच रुळांवरून तासातासाला साधी गाडी जाते. तिला आरक्षण लागत नाही, काही डब्यांच्या खिडक्या उघडतात (फोटोत काचेचं प्रतिबिंब नको असेल तर हे सोनंच) आणि मधल्या आल्प ग्र्युम स्टेशनवर उतरून चहा पिऊन पुढची गाडी पकडता येते. तिरानोकडे जाताना उजव्या हाताला बसा.

हिशेब: माणसं किती, त्यावर सगळं

पर्यटकांसाठीचा स्विस ट्रॅव्हल पास सलग आठ दिवसांसाठी, दुसऱ्या वर्गाचा, २०२५ च्या दरानं ४१९ फ्रँकना होता. त्यात रेल्वे, बस, तलावातल्या बोटी, शहरातल्या ट्राम आणि पाचशेहून अधिक संग्रहालयं येतात. रिगीचा डोंगर फुकट, टिटलिस निम्म्या दरात. युंगफ्राउयोखच्या उंचावरच्या रेल्वेस्टेशनला जायचं तर मात्र तो ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगनपर्यंतच चालतो आणि पुढच्या तिकिटावर फक्त २५ टक्के सूट मिळते. तिथेच बजेट कोलमडतं, हे आधीच धरून ठेवा.

पासातली खरी मेख मुलांची आहे. आई किंवा वडील सोबत असतील तर ६ ते १५ वयाची मुलं फॅमिली कार्डावर फुकट, सहाच्या आतली तशीही फुकट. म्हणजे आई-बाबा आणि दोन शाळकरी मुलांचा आठ दिवसांचा प्रवास ८३८ फ्रँकमध्ये. याच मुलांना गाडीत बसवायचं तर बारा वर्षं किंवा १५० सेंटिमीटर उंची होईपर्यंत योग्य आसन सक्तीचं आहे, आणि भाड्याच्या गाडीबरोबर ते घेतलं की दर दिवसाचे पैसे वाढतात.

उलट चार मोठी माणसं, समजा नवरा-बायको आणि सासू-सासरे, असतील तर पासांचाच खर्च १,६७६ फ्रँकवर जातो. इथे गाडी स्वस्त पडण्याची शक्यता खरी आहे. पण तुलना करताना भाड्यापाशी थांबू नका. महामार्गाचा स्विस टोल-परवाना (विन्येट) फक्त वर्षाचाच मिळतो, ४० फ्रँकना (स्वित्झर्लंडमध्येच घेतलेल्या गाडीला तो बहुधा आधीच असतो). त्यात पेट्रोल, विम्यात तुमच्या वाट्याला राहणारी रक्कम शून्यावर आणण्याचे पैसे, ऑटोमॅटिक गिअरसाठीचा जास्तीचा दर आणि शहरातल्या हॉटेलचं रात्रीचं पार्किंग मिळवा. शिवाय डिकी. वेबसाइटवर ‘पाच आसनी’ लिहिलेल्या गाडीत चार मोठ्या सुटकेसा बसत नाहीत. मग मोठी गाडी आली, आणि वाचवलेले पैसे तिथे गेले.

ज्येष्ठांचा मुद्दा लोक नेहमी गाडीच्या बाजूनं मांडतात. मला तो अर्धाच पटतो. स्विस स्टेशनांवर उतार आणि लिफ्ट सर्रास आहेत आणि पैसे देऊन बॅगा पुढच्या स्टेशनवर पाठवण्याचीही सोय आहे. गाडीत दोन-अडीच तास वळणं घेत बसण्यापेक्षा उठून चार पावलं टाकता येणं सत्तरीतल्या गुडघ्यांना जास्त मानवतं.

डोलोमाइट्स: इथे पारडं फिरतं

इन्सब्रुकहून बोल्झानोला थेट रेल्वे आहे, दोन तासांची आणि सुंदर. तिथून डोंगरांकडे मात्र रूळ नाहीत. वाल गार्देना, कोर्वारा, सेल्वा ही नावं जिथली, त्या दऱ्यांमध्ये रेल्वे जात नाही. तिथे बस, किंवा तुमची गाडी.

बस वाईट नाहीत. दक्षिण टिरोलमध्ये (बोल्झानोचा प्रांत) बऱ्याच मुक्कामांबरोबर पाहुण्यांना एक पास मिळतो, त्यावर त्या प्रांतातल्या बस आणि लोकल गाड्या फुकट. एकाच गावात पाच दिवस राहून रोज एक रोपवे करणार असाल तर तेवढ्यावर मजेत भागतं. पण सेल्ला, पोर्दोई, काम्पोलोंगो आणि गार्देना या चार खिंडींची एका डोंगरगटाभोवतीची फेरी मनासारखी करायची, पोर्दोईवर (२,२३९ मीटर) उन्हं कलताना सुळके गुलाबी होईपर्यंत थांबायचं, तर बसचं वेळापत्रक आड येतं. दुसरं कारण मुक्कामाचं. इथली खरी मौज डोंगरउतारावरच्या शेतघरांत राहण्यात आहे: स्वतःचं स्वयंपाकघर, अंगणातून दिसणारे कडे आणि शाकाहारी माणसाच्या जेवणाची चिंता मिटलेली. ही घरं बहुतेकदा बसथांब्यापासून लांब चढावर असतात. (भाजणी, मेतकूट खुशाल न्या. तूप आणि पेढे मात्र घरीच ठेवा. दुधाचे पदार्थ बाहेरून आणायला युरोपीय संघात बंदी आहे.)

तरी इथेही गाडीला सगळीकडे मोकळं रान नाही. त्रे चीमेच्या सुळक्यांखालच्या वाहनतळाकडे जाणाऱ्या टोलरस्त्यासाठी आता ऑनलाइन आगाऊ नोंदणी लागते. ब्राइएस तलावाकडे १० जुलै ते १० सप्टेंबर या काळात दिवसा आरक्षणाशिवाय गाडी नेता येत नाही. आल्पे दी सिउसीच्या पठारावर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ रस्ता बंद असतो, वर मुक्काम असेल तरच सूट. म्हणजे गाडी असूनही तीन नावाजलेल्या जागी एक तर आगाऊ नोंदणी करायची किंवा भल्या पहाटे जायचं, नाही तर रोपवे-बसच धरायची.

चालवणाऱ्याचं काय?

डावीकडचं स्टिअरिंग आणि उजवीकडून चालणं पहिल्या तासाभरात अंगवळणी पडतं. अडचण वेगळीच असते. खूण नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा नियम तिथे प्राणपणानं पाळतात. हॉर्न वाजवून वाट काढायची आपली सवय तिथे चालत नाही. घाटात वर चढणाऱ्याला प्राधान्य, हे आपल्या वरंधा-ताम्हिणीसारखंच. फरक एवढाच की तिथे सगळे ते पाळतात. स्वित्झर्लंडच्या अरुंद डोंगरी रस्त्यांवर पिवळी पोस्टबस तीन सुरांचा भोंगा वाजवत वळणाआडून येते. तिचा चालक सांगेल तसं मागे-पुढे व्हायचं, तिथे तोच साहेब.

इटलीत मोठी भीती घाटाची नाही, जुन्या शहरांची आहे. फ्लोरेन्स, बोलोन्या, व्हेरोना अशा शहरांच्या गाभ्यात परवान्याशिवाय गाडी नेता येत नाही. लाल वर्तुळाची पाटी ओलांडली की कॅमेरा नंबर टिपतो. पाच मिनिटांत दोनदा ओलांडली तर दोन दंड. परदेशी पत्त्यावर ही नोटीस पाठवायला त्यांना ३६० दिवसांची मुदत असते आणि दरम्यान गाडी देणारी कंपनी तुमचं नाव कळवण्याचं शुल्क तुमच्या कार्डावरून कापून मोकळी होते. टोलनाक्यावर ‘टेलिपास’ची (आपल्या फास्टॅगसारखी सोय) पिवळी रांग टाळा. पंपावर गोल चिन्ह पेट्रोलचं, चौकोनी डिझेलचं. नळीच्या रंगावर जाऊ नका.

आणि जो चालवतो त्याला डोंगर दिसत नाहीत. घरात एकच चालक असेल तर त्याला हे आधी विचारा.

कागदपत्रं

इटली आणि ऑस्ट्रियासाठी आपल्या लायसन्सबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना घ्याच. तो आरटीओतून मिळतो, हजार रुपये शुल्क, मुदत एक वर्ष. गाडी ज्याच्या नावावर, क्रेडिट कार्डही त्याच्याच नावाचं हवं. फॉरेक्स कार्डावर अनामत घ्यायला बऱ्याच ठिकाणी नकार मिळतो. व्हिसासाठी गाडी की रेल्वे यानं काही फरक पडत नाही. ज्या देशात जास्त रात्री, तिथे अर्ज.

मे महिना

आपल्याकडे युरोप करायचं म्हणजे मुलांची सुट्टी, म्हणजे मे. नेमक्या त्याच महिन्यात फुर्का, ग्रिमसेल, सुस्टेन या स्विस खिंडी बर्फामुळे बहुधा बंद असतात. त्या जूनकडे उघडतात आणि ऑक्टोबरच्या सुमारास पुन्हा मिटतात. इटलीतल्या स्टेल्व्हिओ खिंडीचंही थोडंफार तसंच. डोलोमाइट्सच्या बऱ्याचशा रोपवे हिवाळी हंगाम संपल्यावर बंद होतात, त्या जूनमध्ये चालू होतात. ज्या रस्त्यांसाठी गाडी घ्यायची तेच बंद असतील तर गाडीचा आग्रह कशाला? दिवाळीच्या सुट्टीतही हाच प्रश्न येतो. रेल्वे मात्र बारा महिने चालते, आणि मेमध्ये बेर्निनावरून जाताना खाली हिरवळ नि वर तलाव गोठलेला, असं दोन्ही एकाच प्रवासात मिळतं.

त्यामुळे मेमध्ये मुलांना घेऊन निघणाऱ्यांनी सरळ रेल्वे घ्यावी, डोलोमाइट्स गाळून ते दिवस स्वित्झर्लंडमध्येच घालवावेत. शाळेच्या सुट्टीला न बांधलेल्यांनी, म्हणजे नवविवाहित, निवृत्त किंवा मित्रांची चौकडी, जूनचा उत्तरार्ध ते सप्टेंबर धरावा: स्वित्झर्लंड पासावर, बोल्झानोपर्यंत रेल्वे, तिथे चार दिवसांसाठी छोटी गाडी आणि ती बोल्झानोतच परत. गाडी इटलीतच घेऊन इटलीतच सोडली की दुसऱ्या देशात सोडण्याचा भुर्दंड नाही आणि ऑस्ट्रियाच्या महामार्गाचा परवानाही लागत नाही. पूर्ण प्रवास गाडीनं करावा असं मी फक्त एकाच गटाला सांगेन: चार मोठी माणसं, त्यातले दोघं आळीपाळीनं चालवणारे, आणि शहरांपेक्षा खेड्यांत राहायची तयारी असलेले.

गाडी घेण्याचा दिवस ठरवताना वार बघा. लहान शहरांतली भाड्याच्या गाड्यांची ऑफिसं दुपारी जेवणासाठी बंद होतात, शनिवारी लवकर मिटतात आणि रविवारी बहुतेक उघडतच नाहीत. सोमवारी सकाळची वेळ घ्या, आणि आदला रविवार इन्सब्रुकमध्ये काढा. त्या दिवशी तिथली दुकानंही बंद असतात, पण दूध, फळं, पाव लागलाच तर मुख्य स्टेशनातलं सुपरमार्केट उघडं असतं.