एटोवाची टेकाडं: पाचपैकी पाच

आई आटपाडीहून आली की तिला इथे दाखवायचं काय, हा दर खेपेचा प्रश्न. मॉल बघून झाले. यंदा अटलांटाहून तासाभरावर कार्टर्सव्हिलला एटोवा इंडियन माउंड्स, म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या जुन्या गावाची टेकाडं बघायला नेलं.

54 एकरांत मातीची सहा टेकाडं. सगळ्यांत मोठं 63 फूट उंच, वर सपाट. सरदाराचं घर तिथे असे. जिना उभा आहे, आई चार ठिकाणी थांबली. वर पोचल्यावर मी तिला सांगितलं, ही सगळी माती माणसांनी टोपल्यांतून वाहिली. ना बैल, ना घोडा, ना गाडी. 1972 च्या दुष्काळात तिने पाझर तलावाच्या कामावर पाट्या वाहिल्या होत्या. ती बराच वेळ खाली बघत उभी राहिली. मग म्हणाली, "एवढी माती काढली कुठनं?"

उत्तर पायथ्याशीच आहे. वस्तीभोवतीचा खंदक आणि माती उपसलेले खड्डे अजून दिसतात. खंदकाच्या आत ओंडक्यांचा तट होता. 1375 च्या सुमारास तो जळाला, आणि गाव शंभरेक वर्षं ओस पडलं. पुन्हा वसलं तेव्हा जोर उत्तरेकडच्या कूसा या मूळ रहिवाशांच्याच दुसऱ्या सत्तेचा होता. 1540 मध्ये स्पॅनिश सेनापती दे सोतो कूसाच्या सरदाराला कैद करून इथे आला. तेव्हा गावाचं नाव इटाबा होतं. नदी फुगली होती, फौजेला मुक्काम ठोकावा लागला. पुढे 1560 मध्ये याच कूसाने खंडणी थांबवणाऱ्या नापोची लोकांवर स्पॅनिश शिपायांना सोबत घेऊन चाल केली. हे वाचून मग टेकाडं बघा. नाहीतर हिरवळीवर डबा खाऊन परत याल, आणि मला त्याचं फार वाईट वाटेल.

संग्रहालय लहान आहे, पण आधी तिथेच जा. दूरच्या समुद्रावरचे शंख इतक्या आत आले होते, हे तिथे कळतं.

आईला सर्वांत आवडली ती नदी. काठच्या गाळाच्या जमिनीत मका, घेवडा, भोपळा पिकायचा. पात्रात मासे अडवायला इंग्रजी व्ही अक्षरासारखी दगडांची रांग रचलेली आहे. पाणी उतरलेलं असेल तेव्हाच ती नीट दिसते, म्हणून पावसानंतर लगेच जाऊ नका. गुडघे दुखत असतील तर सकाळच्या गारव्यात टेकाड चढा, पाण्याची बाटली जवळ असू द्या.