कंपोझिशन की रेग्युलर? दीड कोटीच्या आतल्या कारखानदारांसाठी

उलाढाल दीड कोटीच्या आत असली की जीएसटी कंपोझिशनमध्ये (उलाढालीवर थोडा ठोक कर) भरायचा की रेग्युलरमध्ये (बिलावर पूर्ण कर लावून), हा प्रश्न येतोच. मी पत्र्याचे पॅनेल बॉक्स बनवतो आणि जीएसटीच्या दोन्ही पद्धतींत काम केलंय, म्हणून अनुभवावरून लिहितो. प्रत्येकाचा धंदा वेगळा, हे धरूनच वाचा.

कंपोझिशनचं सुख खरं आहे. उलाढालीवर १ टक्का कर, तिमाहीला कर भरायचा सीएमपी-०८ फॉर्म, वर्षाला जीएसटीआर-४ हे एक रिटर्न. सीएची फी कमी, डोक्याला तापही कमी. शिवाय माल थेट वापरणाऱ्याला विकत असाल तर तुमचा भाव स्वस्त पडतो. ६० रुपयांचा पत्रा, त्यावर १०.८० जीएसटी, मजुरी आणि नफा मिळून ४०, असं धरलं तर कंपोझिशनवाला आपला १ टक्का मिळवून तो बॉक्स साधारण ११२ ला देऊ शकतो. रेग्युलरवाल्याला पत्र्यावरचे १०.८० आपल्या करातून वजा करता येतात (यालाच क्रेडिट म्हणतात), म्हणून त्याचा भाव १०० अधिक १८, म्हणजे ११८. घरगुती ग्रिल, कपाटं करणाऱ्यांनी कंपोझिशन सोडायची मला तरी गरज दिसत नाही.

गिऱ्हाईक स्वतः रेग्युलर जीएसटीवाला कारखानदार असला की मात्र हेच गणित उलटतं. १८ रुपयांचं त्याला क्रेडिट मिळतं, म्हणजे माल १०० ला पडतो. कंपोझिशनवाल्याचे ११२ हे ११२च राहतात, कारण पत्र्यावरचा कर आपल्या किमतीत मुरलेला असतो आणि बिलात कर वेगळा दाखवता येत नाही.

माझं मन फिरलं ते या बिलामुळेच. कंपोझिशनमध्ये टॅक्स इन्व्हॉइस नाही, बिल ऑफ सप्लाय द्यायचं, आणि आपण कंपोझिशनमध्ये आहोत, कर आकारू शकत नाही, हे त्याच्या माथ्यावर लिहायचं. एका कंपनीत माझा नमुना पास झाला होता. परचेसवाल्यांनी वेल्डिंग बघितलं, पावडर कोटिंगवर नख ओढून बघितलं, दाराचं गॅस्केट दाबून बघितलं. मग कोटेशन हातात घेतलं, जीएसटीचा रकाना रिकामा. "माल चांगलाय हो, पण क्रेडिट बसत नाही. अकाउंट्स पास करणार नाही." कामात खोट काढली असती तर सुधारली असती, याला उत्तरच नव्हतं. पुढे बऱ्याच ठिकाणी हेच ऐकलं. त्यात राज्याबाहेर विक्री बंद. कोल्हापूरच्या कंपोझिशनवाल्याला शेजारच्या बेळगावात माल विकता येत नाही, आणि आमच्या भागात ही अडचण लहान नाही.

रेग्युलरचाही जाच आहे. पत्रेवाल्याने त्याचं जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न) भरलं नाही तर आपलं क्रेडिट २बीमध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या क्रेडिटच्या यादीत, दिसत नाही, आणि फोन करत बसावं लागतं. त्याहून अवघड म्हणजे पार्टी ९० दिवसांनी पैसे देते, कर मात्र बिल काढल्याच्या पुढच्याच महिन्यात भरायचा. म्हणजे आपलंच खेळतं भांडवल अडकतं. हातात थोडी शिल्लक नसेल तर घाई करू नका. ५ कोटींपर्यंतच्या उलाढालीला रिटर्न तिमाही भरायची सोय आहे. कागद कमी होतो, कर तरी दर महिन्याला भरावाच लागतो.

तरीही कारखान्यांना माल द्यायचा असेल तर मी रेग्युलरच सुचवेन, उलाढाल लहान असली तरी. पैशाची ओढाताण पत्रेवाल्याशी उधारीचं बोलून थोडीफार सांभाळता येते. क्रेडिट न देणारं बिल कुणाशी बोलून चालत नाही.

कंपोझिशनमधून बाहेर पडायला वर्षअखेरची वाट बघावी लागत नाही. त्यासाठीचा सीएमपी-०४ फॉर्म वर्षाच्या मधेही भरता येतो. रेग्युलर सुरू व्हायच्या आदल्या दिवशी शिल्लक असलेल्या पत्र्याचं क्रेडिट आयटीसी-०१ फॉर्म भरून ३० दिवसांत मागायचं, पण त्याची खरेदी बिलं वर्षापेक्षा जुनी चालत नाहीत. क्रेडिट २ लाखांच्या वर जात असेल तर सीएचं प्रमाणपत्रही लागतं, तेव्हा त्यांना आधीच सांगून ठेवा. परत कंपोझिशनमध्ये जायचं तर नवीन आर्थिक वर्षापासूनच, आणि तेव्हा शिल्लक मालावरचं घेतलेलं क्रेडिट परत भरावं लागतं.