नासाचं ‘मिशन बायोम्स’: आलेख उत्तम, पण मोसमी जंगल कुठे आहे?

नासाच्या अर्थ ऑब्झर्व्हेटरी या संकेतस्थळावर ‘मिशन बायोम्स’ नावाचा मुलांसाठीचा विभाग आहे. फुकट आहे, जाहिराती नाहीत. दिसायला मात्र जुनाट, आणि सगळं इंग्रजीत. पाचवी ते आठवीच्या मुलाजवळ मोठं माणूस बसणार असेल, तरच उघडावा. तसं बसलात तर अर्ध्या तासात जे हाती लागतं, ते प्राण्यांच्या रंगीत तक्त्यांतून वर्षभरात लागत नाही.

बायोम म्हणजे हवामान आणि त्यावर वाढणारी झाडंझुडपं यांवरून ओळखला जाणारा प्रदेश. जमिनीवरचे असे सात बायोम यात घेतले आहेत: टुंड्रा, सूचिपर्णी वन, समशीतोष्ण पानझडी वन, गवताळ प्रदेश, झुडपी प्रदेश, वाळवंट आणि वर्षावन. प्रत्येकाचं एक टिपण आहे. तापमान, पाऊस, वनस्पती, ठिकाणं, बस्स. वाळवंटाला वर्षाला सुमारे 250 मिमी पाऊस, गवताळ प्रदेशाला 500 ते 900, समशीतोष्ण पानझडी वनाला 750 ते 1,500, वर्षावनाला 2,000 ते 10,000. हे आकडे आधी वहीत उतरवून घ्या, कारण खरा खेळ पुढे आहे.

तो म्हणजे ‘ग्रेट ग्राफ मॅच’. समोर तापमानाचे आणि पावसाचे आलेख येतात, त्यावरून बायोम ओळखायचा. वाघ, अस्वल, उंट यांची चित्रं नसल्यामुळे अंदाजपंचे उत्तर देता येत नाही. मुलं इथे ठरावीक चुका करतात. अक्षावरचे आकडे न वाचता नुसता आकार बघतात. मग 20 मिमीचा उंचवटाही ‘खूप पाऊस’ वाटतो. टुंड्रा आणि सूचिपर्णी वन यांत गल्लत होते, कारण दोन्हीकडचा हिवाळा उणे अंशांत. तिथे हिवाळा सोडून उन्हाळा बघायला सांगा. सर्वांत उबदार महिन्याची सरासरी 10 अंशांपर्यंत जात नसेल, तर झाडं तग धरत नाहीत, म्हणजे तो टुंड्रा. झुडपी प्रदेशाला आपली मुलं हमखास अडखळतात. पाऊस थंडीत आणि उन्हाळा कोरडा, हे त्यांना उलटं छापल्यासारखं वाटतं. पण भूमध्य सागराकाठच्या हवामानाची खूण तीच.

आता दोष. यात आपलं जंगल नाही.

नागपूरचे आकडे घेऊन बघा. पाऊस हजार मिमीच्या थोडा वर, म्हणजे टिपणाप्रमाणे समशीतोष्ण पानझडी वन. मूल खूश होतं, कारण ताडोबातला साग पानं गाळतो हे त्याला ठाऊक असतं. नाव जुळलं, कारण मात्र चुकलं. टिपणातलं सरासरी तापमान 10 अंश आहे, नागपूरचं 27 च्या आसपास. तिकडची झाडं थंडीसाठी पानं गाळतात. आपला साग पाणी वाचवायला, आणि फेब्रुवारी-मार्चनंतर ऊन चढू लागलं की जंगल उघडंबोडकं दिसतं. मुंबईचं तर आणखी गमतीशीर. पाऊस 2,000 मिमीच्या वर, म्हणजे वर्षावन! सिंगापूरचा वार्षिक पाऊसही जवळपास तेवढाच. फरक एवढाच की सिंगापुरात प्रत्येक महिन्याची सरासरी 100 मिमीच्या वर आहे, आणि मुंबईत जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरात कोसळून मोकळा होतो. (वर्षावनाच्या टिपणात तापमान 20 ते 25 अंश दिलं आहे. त्या हिशेबाने सिंगापूरही बाहेर पडतं, तेव्हा त्या आकड्याला फार धरून बसू नका.) सोलापूर मात्र सातशेच्या घरातल्या पावसामुळे गवताळ प्रदेशात नेमकं बसतं. नान्नजच्या माळढोक अभयारण्याचा माळ तोच. त्याला ‘पडीक’ म्हणायची सवय मोडायला हे एक उत्तर पुरेसं आहे.

आपल्या शालेय भूगोलात ‘नैसर्गिक प्रदेश’ शिकवताना ‘मोसमी प्रदेश’ वेगळा मोजतात. तिथे आपण नासाच्या पुढे आहोत.

म्हणून आठवं टिपण मुलाकडूनच करून घ्या. आलेख कागदावर आडवे बारा महिने, प्रत्येकी 1 सेंमी. डावीकडे तापमान, 1 सेंमीला 10 अंश. उजवीकडे पाऊस, 1 सेंमीला 20 मिमी. हे प्रमाण मनाने बदलू नका. पावसाची पट्टी तापमानाच्या रेषेखाली राहिली की तो महिना कोरडा, ही वॉल्टर आणि लीथ या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांच्या हवामान-आलेखाची सगळी करामत या दुपटीच्या प्रमाणावर उभी आहे. मुंबईच्या जुलैला पंचाईत होते: 800 मिमीसाठी 40 सेंमीची पट्टी लागेल. 100 मिमीच्या वर प्रमाण दहापट आवळून 1 सेंमीला 200 मिमी धरलं की तीच पट्टी साडेआठ सेंमीत बसते. आवळलेला भाग गडद रंगवा, नाहीतर मूल पुढे तो साध्या प्रमाणाने वाचतं. मुंबईला नोव्हेंबर ते मे असे सात महिने कोरडे निघतील, सिंगापूरला एकही नाही. आठव्या टिपणावर साग, ऐन, तेंदू, मोह, बांबू. ठिकाणं ताडोबा, पेंच, मेळघाट. आणि पानगळीचं कारण ठळक अक्षरांत: तहान.

दुसरा उपक्रम ‘टू प्लांट ऑर नॉट टू प्लांट’. दिलेल्या वनस्पती कुठल्या बायोममध्ये लावायच्या ते ठरवायचं. बरा आहे, पण बहुतेक झाडं आपल्या मुलांनी पाहिलेली नसतात, त्यामुळे तो लवकरच चाचपडण्याचा खेळ होतो. आलेखांचा उपक्रम आधी झाला असेल तरच याकडे वळा.

समुद्र, प्रवाळ, खारफुटी यांतलं काहीच इथे नाही, आणि कोण कुणाला खातं ही साखळीही नाही. ‘परिसंस्था’ हा धडा शिकवायचा असेल तर हे साधन कामाचं नाही. हवामानावरून जंगल ओळखायला मात्र पाचपैकी चार तारे. पाचवा, नागपूरसाठी जागा होईल तेव्हा.