अमेरिकेतलं भाड्याचं सोलर: सेवा बरी, विक्री गोंधळाची

सोलर लीजमध्ये, म्हणजे घराच्या छतावर कंपनीचे सौर पॅनेल भाड्याने घेतले तर, देखभाल निर्धास्त असते. इन्व्हर्टर बिघडला तर बहुतेक करारांत खर्च कंपनीचा. खरी भानगड विक्रीच्या वेळी होते. ‘३० टक्के टॅक्स क्रेडिट (खर्चाच्या ३० टक्के रकमेची थेट करातून वजावट) तुम्हालाच’ असं सांगून सही घेतली जाते. क्रेडिट मात्र मालकाचं, आणि लीजमध्ये पॅनेलची मालक कंपनी! सगळं भाडं आगाऊ भरलं तरी फरक पडत नाही. फॉर्म ५६९५ (हे क्रेडिट मागायचा अर्ज) भरून चुकून क्रेडिट घेतलं असेल, तर आयआरएसच्या (अमेरिकेच्या कर खात्याच्या) नोटिशीची वाट न पाहता १०४०-एक्स, म्हणजे दुरुस्त केलेलं कर विवरणपत्र, भरा. कमी भरलेल्या करावर व्याज चढतच असतं.

२०२५ संपल्यानंतर बसवलेल्या सिस्टिमवर तर विकत घेणाऱ्या घरमालकालाही हे क्रेडिट नाही.

करारात टॅक्स क्रेडिटचं कलम शोधा. सेल्समनच्या बोलण्याच्या नेमकं उलट तिथे छापलेलं सापडतं, आणि वादात छापलेलंच चालतं. पहिल्या पाच वर्षांत पॅनेल विकत घेण्याची मुभा सहसा नसते, कारण तेवढ्यात मालकी बदलली तर कंपनीला क्रेडिटचा काही भाग परत करावा लागतो. नंतर घेतलीत तरी ती जुनी सामग्री, तिच्यावर क्रेडिट नाही. भाड्याची वार्षिक वाढही पाहा. तोंडी आश्वासन ईमेलवर लिहून मागा.