राहतं घर एअरबीएनबीवर: पुण्यातल्या घरमालकाच्या बाजूने

घर पाहुण्यांना थोड्या दिवसांसाठी भाड्याने द्यायचं ॲप म्हणजे एअरबीएनबी. पैसे आणि बुकिंग या दोन बाबतींत ते चोख आहे. पाहुणा आल्यावर साधारण २४ तासांनी रक्कम सोडली जाते आणि बुकिंग पक्कं होईपर्यंत घराचा नेमका पत्ता दिसत नाही. या ॲपला कळत नाही ते राहतं घर. कपाटात साड्या, देवघरात चांदीची निरांजनं आणि उन्हाळ्यात पाणीकपात, हे सगळं आपल्यालाच सांभाळावं लागतं.

आधी इन्स्टंट बुक, म्हणजे तुमच्या होकाराशिवाय बुकिंग पक्कं होण्याची सोय, बंद करा. लग्नसराईत चौघांच्या नावावर अकरा जण उतरतात. दोन बुकिंगमध्ये एक रात्र मोकळी सोडायची सेटिंग आहे, तीही लावा. चादरींचे प्रत्येक पलंगामागे तीन संच लागतात. पावसाळ्यात चार, कारण वाळतच नाहीत.

तक्रारी सर्वांत जास्त गरम पाण्याच्या. १५ लिटर, २ किलोवॅटचा गीझर पुन्हा तापायला सुमारे २० मिनिटं घेतो. त्यातलं पाणी विसणून दोन बादल्या होतात, म्हणजे दोघांच्या आंघोळी. शॉवर सोडला तर चारेक मिनिटांत खडखडाट. सहा जणांना सकाळी लग्नाच्या कार्यालयात पोचायचं असेल तर भांडण ठरलेलं. बाथरूममध्ये बादली-मग ठेवा आणि गीझरचे आकडे घराच्या माहितीत लिहून टाका. पाटी लावायची पुणेरी हौस इथे खरोखर कामी येते.

नुकसानीसाठी एअरकव्हर हे एअरबीएनबीचं भरपाईचं संरक्षण ३० लाख डॉलरपर्यंतचं आहे. ऐकायला भारी, पण रोख रक्कम त्यात धरत नाहीत, आणि पाहुणा गेल्यापासून १४ दिवसांत दावा करावा लागतो. खरी अडचण पुराव्याची: सागवानी दिवाणावरचा ओरखडा जुना की नवा, हे कसं दाखवणार? म्हणून प्रत्येक पाहुण्याआधी घरभर फिरून व्हिडिओ काढा. देवघर, दागिने, कागदपत्रं एका खोलीत घालून कुलूप लावा आणि ती खोली बंद असल्याचं जाहिरातीतच सांगा.

परदेशी पाहुणा असेल तर सी-फॉर्म म्हणून ओळखली जाणारी ऑनलाइन नोंद २४ तासांच्या आत तुम्हीच करायची. ॲप करत नाही. जीएसटीची नोंदणी नसेल तर खोलीभाड्यावरचा कर प्लॅटफॉर्म भरतो, पण मिळकत आयकर विवरणपत्रात दाखवावीच लागते. सोसायटीची लेखी संमती आधी घ्या. पाहुण्याचं नाव नि गाडीचा नंबर वॉचमनला कळवा. नाहीतर रात्री अकराला गेटवरून फोन येणार.

पेठांतलं घर असेल तर अनंत चतुर्दशी आणि दुसऱ्या दिवशी येण्या-जाण्याचं बुकिंग घेऊच नका. लक्ष्मी, टिळक, केळकर, कुमठेकर या रस्त्यांवर मिरवणुका असतात, बॅगा घेऊन कॅब दारापर्यंत येत नाही आणि त्याबद्दल कापले जाणारे स्टार तुमचेच.

स्वतंत्र जिना असलेल्या बंगल्याच्या मजल्यासाठी एअरबीएनबीला पाचपैकी चार. दर शनिवारी कुटुंबाला मावशीकडे पाठवून रिकामा करायच्या टू बीएचकेसाठी दोन, तेही मावशी जवळच राहत असेल तर.