कोरे करकरीत सरप्लस बूट आणि वाटेत सुटलेले तळ

लष्करी सरप्लसचे, म्हणजे सैन्यानं जास्तीचे म्हणून विकून टाकलेले, बूट विकणाऱ्यांचा आवडता शब्द म्हणजे ‘कोरा’. एकदाही पायात न घातलेला, गोदामातून थेट आलेला, कातडं चकचकीत, नाडीची घडीही न मोडलेली. घेणारा खूश होतो. मग पहिल्याच लांब चालीत टाचेखाली काहीतरी पिचपिचीत लागतं. खाली पाहावं तर काळा भुगा सांडत असतो आणि तळाचं रबर लोंबत असतं. थोड्या वेळानं दुसराही बूट तसाच जातो, कारण दोन्हींचं वय एकच असतं.

अशा वेळी ‘तुम्ही जोरात आपटलेत’ किंवा ‘डिंक सुटला असेल’ असं उत्तर मिळतं. दोन्ही खोटं. खालचं रबर आणि वरचं कातडं यांच्यामध्ये पॉलीयुरेथेन या फेसाळ प्लॅस्टिकचा धक्के झेलणारा थर असतो. हवेतला ओलावा त्याच्यात शिरून रेणूंच्या साखळ्या तोडत जातो. याला हायड्रोलिसिस म्हणतात. बूट पायात असो की खोक्यात, ही झीज थांबत नाही, आणि दमट, उबदार गोदामात तिचा वेग वाढतो. साधारण ५ ते १० वर्षांत थर ठिसूळ होऊ लागतो. त्यामुळे ‘१५ वर्षं जपून ठेवलेला’ असं कोणी अभिमानानं सांगितलं आणि तळात पॉलीयुरेथेन असलं, तर तिथूनच परत फिरावं.

फसवणूक ओळखायची पहिली जागा म्हणजे बुटाच्या जिभेच्या, म्हणजे नाड्यांखालच्या पट्टीच्या, आतलं लेबल. ते कात्रीनं कापलेलं असेल तर वय लपवलं आहे असंच धरावं. लेबल शाबूत असेल तर १३ आकडी नाटो साठा क्रमांक (नाटो या लष्करी आघाडीचा सामान ओळखायचा क्रमांक) शोधा. पहिले चार आकडे ८४३० म्हणजे पुरुषांची पादत्राणं, ८४३५ म्हणजे स्त्रियांची. पुढचे दोन आकडे देशाचे: १२ जर्मनी, ९९ ब्रिटन, ०० किंवा ०१ अमेरिका. या क्रमांकावरून वर्ष कळत नाही, हे ठामपणे लक्षात ठेवा. विक्रेते त्यातलेच दोन आकडे ‘हे बघा वर्ष’ म्हणून दाखवतात. अमेरिकी बुटात वर्ष असतं ते करार क्रमांकात, दोन रेघांच्या मधल्या दोन आकड्यांत. ८५ असेल तर करार १९८५ च्या आर्थिक वर्षातला. नुसतं ‘आर्मी टाइप’ लिहिलेलं असेल आणि एकही क्रमांक नसेल, तर ती नक्कल समजावी.

मापातही हातचलाखी चालते. बऱ्याच लष्करी बुटांवर माप मिलिमीटरमध्ये असतं. २७०/१०२ म्हणजे पायाची लांबी २७० आणि चवड्यापाशी रुंदी १०२. विक्रेता त्याचा सोयीचा ‘नंबर’ करून सांगतो आणि रुंदी गाळून टाकतो. संध्याकाळी, पाय थोडा फुगलेला असताना, जाड मोजे घालून कागदावर स्वतःचा पाय मोजा आणि मूळ आकडेच मागा.

बूट हातात आला की कॅमेरा चालू ठेवून खोकं उघडा. तळाच्या कडेला काळं पॉलिश किंवा रंग जाड फासलेला दिसला तर ओल्या फडक्यानं पुसा. त्याखाली केसासारख्या बारीक भेगा असू शकतात. मधल्या थरात अंगठ्याचं नख रोवा. चांगला थर दबून परत वर येतो. बिघडलेला चिकट लागतो किंवा त्याचा चुरा पडतो. मग पांढऱ्या कागदावर धरून चवड्याचा भाग ४५ अंशांपर्यंत ३० वेळा वाकवा. कागदावर भुगा पडला की बूट संपला. ही तपासणी करणार असल्याचं विक्रेत्याला आधी लेखी कळवा, नाहीतर तो ‘तुम्हीच मोडलात’ म्हणून हात वर करतो.

गंमत अशी की जास्त जुना लष्करी बूट कधी कधी जास्त सुरक्षित ठरतो. व्हिएतनाम युद्धातल्या अमेरिकी जंगल बुटांचा रबरी तळ साच्यात थेट वरच्या भागावर व्हल्कनाइझ केलेला, म्हणजे उष्णतेनं पक्का करून जोडलेला, होता. रबराचा असा भुगा होत नाही. मात्र ते कडक होतं आणि ओल्या खडकावर घसरतं. ‘सैन्यानं वापरलाय म्हणजे उत्तमच’ या बोलण्यालाही भुलू नये. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिश सैनिकांचे बूट पाणी धरून बसले आणि अनेकांना ट्रेंच फूट, म्हणजे पाय फार वेळ थंड ओलाव्यात राहिल्यानं होणारा आजार, झाला.

आधुनिक बुटांत हाच डाव ‘मोठी सूट’ या नावानं खेळला जातो. जुना साठा, तोच पॉलीयुरेथेन, फक्त खोकं रंगीत. मधला थर ईव्हीए या हलक्या फोमचा असेल तर तो असा कुजत नाही, पण दबून चपटा होतो. शिलाईही तपासा. वेल्टवरचे, म्हणजे वरचं कातडं आणि तळ जोडणाऱ्या कडेच्या पट्टीवरचे, टाके खऱ्या शिलाईचे असतील तर तळाच्या खोबणीत खालूनही दिसतात. नुसती शोभेची शिलाई वरच संपते, आणि असा बूट ‘तळ बदलता येतो’ म्हणून विकणं हा सरळ खोटेपणा आहे. तळ बनवणाऱ्या व्हायब्रम कंपनीच्या पिवळ्या अष्टकोनी चिन्हाचीही नक्कल होते, म्हणून तेवढ्यावर विसंबू नये.

निवड करायची तर आमचं मत स्पष्ट आहे. हलकी पाठपिशवी आणि दिवसभराची चाल असेल तर नव्या उत्पादनाचा आधुनिक बूट घ्या. पायात १०० ग्रॅम वाढले की चालण्याची मेहनत सुमारे १ टक्क्यानं वाढते, आणि लष्करी जोडी आधुनिक हलक्या जोडीपेक्षा सहज अर्धा किलोनं जड भरते. सरप्लस घ्यायचाच असेल तर शिवलेल्या किंवा व्हल्कनाइझ केलेल्या तळाचा, आणि चवड्याच्या घडीवर कातडं तडकलेलं नाही ना हे पाहून.

फसलाच असाल तर डिंकावर पैसे घालवू नका. डिंक पृष्ठभागाला धरतो, आणि इथे पृष्ठभागच भुसभुशीत असल्यामुळे तो पापुद्र्यासकट निघून येतो. कातडं शाबूत असेल आणि तळ चिकटवलेला असेल, तर कुशल मोची मधला थर पूर्ण घासून काढून ईव्हीए आणि नवं रबर बसवू शकतो. वाटेत तळ सुटला तर ५ मीटर दोरी कामी येते. एक वेढा चवड्यावर, दुसरा टाचेच्या पुढच्या खोलगट भागातून, गाठ बुटाच्या वर. दर अर्ध्या तासानं ती पुन्हा आवळावी लागते.